उभं कॅलेंडर

आमच्या वस्तीतल्या समाजभवनाच्या दोन किल्ल्या आहेत. एक अध्यक्ष काकांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते आणि ती सहसा तिथून हलत नाही. दुसरी मावशींच्या कमरेला असते. या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, सगळी वस्तीच त्यांना मावशी म्हणते. भवनाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. झाडलोट करतात, लग्नाकार्याला भांडी आणि सतरंज्या काढून देतात, आणि हॉल कोणाला कोणत्या दिवशी द्यायचा तेही त्याच बघतात. पिपरी मेघे गावाच्या मागच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथे साखरपुडा, लग्न, नामकरण, कोणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, जे काही व्हायचं ते याच हॉलमध्ये होतं.

मी बारावीत होते तेव्हा आमचं घर एका खोलीचं होतं आणि बाबांना कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळी असायची. ते पहाटे येऊन झोपायचे. दिवा लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. मी पुस्तक घेऊन भवनाच्या पायरीवर बसायचे. एक दिवस मावशी झाडू घेऊन आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

“इथं काऊन बसली वं? डास फोडून खाऊन राह्यले तुले.”

मी म्हटलं, घरी बाबा झोपलेत.

स्टेजच्या मागे एक पत्र्याची खोली आहे, तिथे जादा खुर्च्या ठेवतात. मावशींनी ती उघडली, खुर्च्या एका भिंतीला सरकवल्या, आणि बल्ब लागतो का ते पाहिलं. मी विचारलं, “अध्यक्ष काका रागावणार नाहीत?”

“रागावतीन त मले रागावतीन. किल्ली माह्यापाशी हाय.”

त्या दिवसापासून ती खोली उजाडायच्या आत उघडी असायची. बारावी झाली, मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तरीही ती खोली चालूच राहिली. नंतर आणखी दोन-तीन मुली तिथे यायला लागल्या. मावशींनी कधी ‘अभ्यास झाला का’ असं विचारलं नाही. फक्त परीक्षा जवळ आली की दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवलेला असायचा.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात कोणाचं काय पणाला लागलं होतं ते कळायला हवं. मला गोष्ट नीट लावून सांगता येते की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करते.

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सीडीत भरून कपाटात ठेवायचा प्रोजेक्ट मला नको, कोणीतरी तो रोज वापरला पाहिजे. त्याच सुमारास भवनात एक कॉम्प्युटर आला होता. वस्तीतला एक दादा नागपूरला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसात नवीन मशिनं आली, तेव्हा त्याने एक जुनं मागून घेतलं आणि मॉनिटरसकट आणून दिलं. अध्यक्ष काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच ठरवलं की आता हॉलचं बुकिंग कॉम्प्युटरवर झालं पाहिजे. मी त्यांच्याकडे जाऊन, जरा चाचरतच, म्हटलं की ते काम मी करते.

सगळं नव्याने बनवण्याइतकं मला येत नव्हतं. मग मी इंटरनेटवरून एक मोफत मिळणारा प्रोग्रॅम घेतला. त्याचा कोडही खुला होता, म्हणजे कोणीही उघडून त्यात बदल करू शकत होतं. तो हॉल, खोल्या, मैदानं अशा गोष्टींच्या बुकिंगसाठी होता. त्यात सगळं होतं, फक्त सगळं इंग्रजी होतं. मी तो मराठी करायचा ठरवला. मॅडम म्हणाल्या, “चांगलं आहे. पण तारखेकडे नीट लक्ष दे. मुलं बटणांवरची नावं बदलतात आणि तारीख तशीच सोडतात.”

म्हणून मी तारखेवरच जास्त मेहनत घेतली. त्या प्रोग्रॅममध्ये तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की छोटं कॅलेंडर उघडायचं. त्यातली महिन्यांची नावं मराठी केली, आकडे देवनागरी केले. आधी महिना आणि मग दिवस असा त्यांच्याकडचा क्रम होता, तो उलटवून आपल्यासारखा आधी दिवस केला. वारांची नावं वर एका ओळीत यायची आणि तिथे जागा इतकी कमी होती की ‘र, सो, मं’ एवढंच मावत होतं. त्यातही अनुस्वार वरच्या रेषेत कापला जायचा. तो दिसावा म्हणून ओळीची उंची वाढवायला मला एक अख्खा आठवडा लागला. ‘टुडे’च्या जागी ‘आज’ लिहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढासा शब्द, पण तो दिसल्यावर ते कॅलेंडर आपलं वाटायला लागलं.

मावशींना पहिल्यांदा दाखवायला बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या आणि स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“एवढा गाजावाजा करून राह्यले लोकं. टीव्हीले टाइपरायटर तर लावलं हाय.”

पण त्या शिकल्या. माउस धरायला त्यांना दोन दिवस लागले. तारीख निवडायची, दोन दिवस हवे असतील तर पहिल्या तारखेवर दाबून दुसऱ्या तारखेपर्यंत ओढायचं, मग नाव टाकायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. मी एकदाच करून दाखवलं, एका दिवसाचं बुकिंग घेऊन. त्यांनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बरोबर आलं.

अध्यक्ष काकांनी जुनं रजिस्टर घरी नेऊन ठेवलं. म्हणाले, “दोन्हीकडं लिहीत बसाल त कॉम्प्युटर कधीच नाई शिकणार. आता यावरच करा.” आणि जाताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, “महिना-दीड महिना पाहू. जमलं त ठीक. नाई त माह्या भाच्याले बसवतो. सिंदी मेघेले त्याचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय, त्याले सवय हाय याची. मंग किल्ली बी त्याच्याचपाशी राहीन, म्हंजे तुमाले धावपळ नको.”

मावशी हसून म्हणाल्या, “मले धावपळीची सवय हाय, साहेब.” पण कमरेच्या किल्लीवर त्यांचा हात गेला, तो मी पाहिला.

पहिले पंधरा-वीस दिवस कोणीच तक्रार केली नाही. मी रोज सकाळी माझ्या खोलीत जाताना विचारायचे, आणि मावशी म्हणायच्या, “चालू हाय तुह्यं यंत्र.” लग्नाचे दिवस जवळ येत होते. कॅलेंडर भरत चाललं होतं. जरा जास्तच भरत चाललं होतं, पण मला वाटलं, हंगामच तसा आहे.

मग एका गुरुवारी संध्याकाळी सिंदी मेघेचे एक आजोबा अध्यक्ष काकांकडे आले. मी तेव्हा तिथेच होते, प्रोजेक्टच्या फॉर्मवर सही घ्यायला गेले होते. आजोबा शांत माणूस होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि मग बोलले.

“अध्यक्ष साहेब, हॉल द्यायचा नसन त तसं सांगा. आमी काही रागवत नाई. पण खोटं काऊन सांगता?”

“काय झालं?”

“नातवाचं नामकरण होतं. पोरगा फौजेत हाय, त्याची सुट्टी आज संपली. बुधवारचा हॉल मागाले आलतो. बाईनं मशिनीत पाह्यलं आन म्हणे, भरला हाय, आठवडाभर भरला हाय. ठीक हाय म्हटलं. गल्लीतच मांडव टाकला. काल रात्री सुनेच्या माहेरच्याले स्टेशनवर सोडाले गेलतो, त तुमच्या हॉलवरूनच गेलो. कुलूप. आत अंधार. ना लग्न, ना काई.”

अध्यक्ष काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली. आजोबा गेल्यावर आम्ही दोघं भवनात गेलो. काकांनी मावशींना त्या महिन्याचं पान उघडायला सांगितलं. रविवार चौदा तारखेपासून पुढच्या रविवारपर्यंत, एकवीस तारखेपर्यंत, सलग आठ दिवस एकाच लग्नाच्या नावावर दिसत होते.

“आठ दिवस कोणाचं लग्न चालते, बाई?”

मावशी गोंधळल्या. “मी दोनच दिवस टाकले, साहेब. रविवारी लग्न, सोमवारी रिसेप्शन. मले आठवते ना. पण मशिनीत भरलं दिसलं म्हणून त्याइले नाई म्हटलं.”

“मंग मशीन खोटं बोलते?”

मावशींनी माउसवरचा हात काढून घेतला.

काका वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहिलं पाहिजे. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “तुमचं चुकलं असं मी म्हणत नाई. पण लोकं मले विचारतात. पुढच्या रविवारी समितीची मिटिंग हाय, तिथं ठरवू.” आणि किल्लीचा विषय काढला नाही, पण तो काढल्यासारखाच होता.

मला वाटलं, दोष माझ्या कोडमध्येच असणार. आकडे देवनागरी करताना काहीतरी उलटसुलट झालं असेल, दिवस आणि महिना आलटून-पालटून लागले असतील. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून एकेक ओळ तपासली. स्वतः शंभर प्रकारे तारखा टाकून पाहिल्या, सगळ्या बरोबर आल्या. मग बुकिंगची सगळी नोंद काढून बघत बसले. एका दिवसाची बुकिंगं सगळी बरोबर होती. शनिवार-रविवारची दोन दिवसांची बुकिंगंही बरोबर होती. पण रविवार-सोमवार, मंगळवार-बुधवार अशी जी होती, ती प्रत्येक आठ दिवसांची झाली होती. शनिवार-रविवार बरोबर आणि रविवार-सोमवार चूक, असं कोणतं मशीन करतं? मॅडमना विचारलं. त्यांनीही कोड पाहिला आणि मग म्हणाल्या, “कोडमध्ये काही नाही. जी बाई वापरते तिच्या शेजारी जाऊन बस. शिकवू नकोस. नुसती बघ.”

हे वाक्य मी अजून वहीत लिहून ठेवलं आहे. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, डोक्यात गडबड होती. इथे मानते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि सरावासाठी त्याच महिन्याचं कोरं पान उघडून दिलं. म्हटलं, “मावशी, समजा मीच आली हॉल मागाले. चौदा तारखेले रविवारी लग्न, सोमवारी रिसेप्शन. तुमी नेहमीसारखं करा.”

“तुह्यं लग्न? नवरा पाह्यला का?”

“पाहू मंग. तुमी तारीख त टाका.”

त्यांनी माउस धरला. चौदावर नेऊन दाबला. आणि दाबलेला माउस सरळ खाली ओढला, एक घर खाली, आणि सोडला. तिथे एकवीस होता. चौदापासून एकवीसपर्यंत आठ घरांवर फिका निळा रंग आला. त्या जुन्या मॉनिटरवर तो रंग इतका पुसट होता की मलाही वाकून बघावं लागलं.

मी हळूच विचारलं, “मावशी, खाली काऊन ओढलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हीच का कॉलेजात जाते.

“मंग कुठं ओढू? आज इथं हाय त उद्या त्याच्या खालच्याच घरात राह्यते ना.”

आणि त्यांनी बोट वर केलं. टेबलाच्या वरच, भिंतीवर, भवनाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आपल्याकडे सगळ्यांच्या घरी असतं तसंच. डाव्या बाजूला वरून खाली रविवार, सोमवार, मंगळवार लिहिलेलं. सर्वांत वर रविवारची लाल ओळ. तारखा वरून खाली उतरत जातात आणि शनिवारपाशी तळ लागला की पुढच्या रांगेत पुन्हा वर चढतात. उद्या खाली असतो आणि पुढचा आठवडा उजवीकडे असतो. मावशींनी तीस वर्षं त्याच्यावर बोट ठेवून हॉल दिला होता. कॉम्प्युटरमधल्या कॅलेंडरमध्ये मात्र वार आडवे होते, उद्या उजवीकडे होता आणि खालचं घर म्हणजे पुढचा आठवडा. शनिवार-रविवारचं कोडंही सुटलं. भिंतीवर शनिवार तळाला आणि रविवार पुढच्या रांगेच्या टोकाला असतो, ते दोन एका ओढीत घेता येत नाहीत. म्हणून मावशी ते दोन दिवस वेगवेगळे टाकायच्या, आणि ते बरोबर यायचे.

आमच्या स्वयंपाकघरातही तेच आहे. मीही त्याच कॅलेंडरवर वाढले. पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात आडवं कॅलेंडर पहिल्यांदा उघडलं होतं, तेव्हा मलाही क्षणभर दिवस सापडले नव्हते. मग सवय झाली आणि सवय झाल्याचंही मी विसरून गेले. महिन्यांची नावं मी मराठी केली, आकडे मराठी केले, अनुस्वार कापू दिला नाही. पण कॅलेंडरचा उभेपणा मला दिसलाच नव्हता.

“म्हंजे माह्यं चुकलं?” मावशींनी विचारलं.

“नाई मावशी. तुमी बरोबर ओढलं. कॅलेंडर आडवं पडलं हाय.”

“आडवं पडलं हाय त उभं कर ना मंग.”

त्यांना ते माठ उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवण्याइतकं सोपं वाटलं. मला तसं वाटत नव्हतं. बटणावरचा शब्द बदलणं वेगळं आणि अख्खी चौकट फिरवणं वेगळं. आणि मिटिंग रविवारी होती.

तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा एक चर्चेचा कट्टा इंटरनेटवर होता. मी तिथे कधी काही लिहिलं नव्हतं. माझं इंग्रजी पाहून लोक हसतील असं वाटायचं. त्या दिवशी मी लिहिलं. चार ओळी लिहायला सगळी दुपार गेली. लिहिलं की आमच्याकडे कॅलेंडर उभं असतं, उद्या खाली असतो, आणि त्यामुळे एका बाईचं काम जाईल असं वाटतं. शेवटचं वाक्य खोडलं. मग पुन्हा टाकलं.

संध्याकाळी उत्तर आलं. कुठल्या देशातला माणूस ते मला अजून माहीत नाही. त्याने लिहिलं होतं की असं कॅलेंडर त्याने कधी पाहिलं नाही, फोटो पाठवता येईल का?

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या करत होती.

“काय करून राह्यली?”

“कॅलेंडरचा फोटो काढून राह्यली. बाहेरदेशी पाठवाचा हाय.”

“माह्या भिंतीचा फोटो? थांब, थांब.” तिने पोळी तव्यावरून काढली, पदराने कॅलेंडरवरचा तेलाचा डाग पुसायला गेली, तो आणखी पसरला. “आता कसं करतं? त्याइले काय वाटन.” त्या पानावर सिलेंडर लावल्याची खूण होती, दूधवाल्याच्या खाड्यांचे गोल होते, बाबांच्या पाळ्या पेन्सिलने लिहिल्या होत्या. मी तसाच फोटो काढला आणि पाठवला.

त्या माणसाने फोटोबद्दल पहिला प्रश्न विचारला तो गोलांचा. मी लिहिलं, त्या दिवशी दूध आलं नाही. मग त्याने लिहिलं की ती चौकट त्यानेच पुष्कळ वर्षांपूर्वी काढली होती आणि ती दुसऱ्या तऱ्हेने असू शकते हे कधी त्याच्या मनात आलं नाही. कोणत्या फाइलमध्ये ती काढली जाते, कुठे आडवं-उभं ठरतं, ते त्याने ओळीनिशी सांगितलं, आणि अडलीस तर विचार असंही. मी दोनदा अडले. दोन्ही वेळा त्याने समजावलं. माझ्या इंग्रजीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

घरं फिरवली तरी काम संपलं नाही. किबोर्डवरचा खालचा बाण आठवडाभर पुढे उडी मारत होता, त्याला एक दिवस पुढे जायला शिकवावं लागलं. रविवारची ओळ लाल केली. निवडलेल्या आणि भरलेल्या दिवसांचा फिका निळा काढून ठसठशीत हिरवा दिला, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘दोन दिवस: १४ आणि १५’ असं येऊ लागलं. एक गोष्ट तर आपोआपच चांगली झाली. वार डावीकडे आल्यामुळे तिथे भरपूर जागा मिळाली, आणि र, सो, मं जाऊन रविवार, सोमवार, मंगळवार पूर्ण लिहिता आले. ज्या अनुस्वारासाठी मी आठवडा घालवला होता, तो आता ऐसपैस बसला.

शुक्रवारी मावशींना दाखवलं. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, पुन्हा भिंतीकडे.

“हे आपलं हाय,” म्हणाल्या. मग पुढचा एक महिना उघडून, जवळ वाकून, “तीस आन एकतीस कुठं गेले?”

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये कागदाला जागा पुरली नाही की तीस-एकतीस तारखा सुरुवातीच्या रिकाम्या घरांत नेऊन बसवतात. मी त्यांना शेवटी वेगळी रांग दिली होती. मला वाटलं, हेही चुकलं.

“तिथं पाह्यजे का, मावशी? वर नेऊ?”

“नोको, नोको. जागा हाय त कायले कोंबाचे? बसू दे त्याइले मोकळं.” मग थोडा विचार करून म्हणाल्या, “पौर्णिमा नाई दिसत. पौर्णिमेले संध्याकाळी बुद्धवंदना राह्यते, हॉल देता येत नाई.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि त्यातल्या पौर्णिमा एकेक करून टाकल्या. त्या दिवशीच्या घरात आता एक छोटा पांढरा गोल दिसतो. जुन्या सगळ्या आठ दिवसांच्या नोंदी आम्ही दोघींनी बसून नीट केल्या. कोणाचं लग्न किती दिवसांचं, हे मावशींना तोंडपाठ होतं. शनिवारी त्या स्वतः सिंदी मेघेला त्या आजोबांकडे जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, “पोरगं गोड हाय. पेढा देल्ला त्याइनं.”

रविवारी मिटिंग झाली. समितीचे पाच जण, अध्यक्ष काकांचा भाचा आणि दाराशी मी. भाचा चांगला मुलगा होता. मला हळूच म्हणाला, “ताई, मले बी दुकान सोडून इथं यायचं नाई हाय. पण मामाले कोण सांगन?”

काकांनी मावशींना बसवलं आणि म्हणाले, “लग्न रविवारी, रिसेप्शन सोमवारी. टाका.”

मावशींनी दाबलं, एक घर खाली ओढलं, सोडलं. दोन घरं हिरवी झाली. खाली मोठ्या अक्षरांत दोन तारखा आल्या. काकांनी चष्मा वर केला.

“मंगळवार-बुधवार.”

पुन्हा दोन घरं.

“शनिवार-रविवार.”

“ते दोनदा टाका लागते, साहेब. भिंतीवर बी तसंच हाय.”

मग काकांनी मला विचारलं की काय बदललं, आणि मी सांगितलं. ते उठून भिंतीपाशी गेले आणि खरंच रविवारवर बोट ठेवून खाली सोमवारवर नेलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते. परत येऊन खुर्चीत बसले आणि स्वतः एक बुकिंग करून पाहिलं. नोकरीत त्यांनी वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं होतं. त्यांनी सवयीने उजवीकडे ओढलं.

“आठ दिवस,” मावशी मागून म्हणाल्या. “कोणाचं लग्न हाय, साहेब?”

भाचा सगळ्यात आधी हसला. मग काकाही हसले. म्हणाले, “मले हे उलटं दिसून राह्यलं.”

ते मला आधीच वाटलं होतं. म्हणून वरच्या कोपऱ्यात एक बटण करून ठेवलं होतं, त्यावर ‘आडवं / उभं’ असं लिहिलं होतं. ते दाबून दाखवलं. कॅलेंडर आडवं झालं, पुन्हा दाबलं, उभं झालं. काकांनी ते चार-पाच वेळा दाबून पाहिलं.

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. “किल्ली राहू द्या बाईपाशीच.” आणि पुढचा विषय घेतला, तो पाण्याच्या टाकीचा होता.

मावशींनी किल्लीला हात लावला नाही. उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेल्या.

याला आता वर्ष झालं. प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले. उभ्या कॅलेंडरचा पर्याय त्या परदेशी माणसाने मूळ प्रोग्रॅममध्येही घेतला. तो आणखी कोण कुठे वापरत असेल, मला माहीत नाही. मी पुढचं शिकते आहे आणि अजून त्याच पत्र्याच्या खोलीत बसते, कारण घरी खोल्या दोन झाल्या तरी बाबांची रात्रपाळी तीच आहे. मागच्या महिन्यात सिंदी मेघेचे आजोबा नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी हॉल मागायला आले होते. मावशींनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “तुमीच पाहा. हिरवं नसन ते रिकामं.” आजोबांनी बोट वरून खाली नेत नेत एक दिवस शोधला.

अध्यक्ष काका अधूनमधून रात्रीचं जेवण झालं की भवनात येऊन बुकिंग बघतात. जाताना बटण परत दाबायला विसरतात. मग सकाळी मी खोलीत पुस्तक उघडते न उघडते तोच मावशींचा आवाज येतो.

“कोणं आडवं करून ठेवलं वं?”

कोणी केलं ते त्यांना ठाऊक असतं. माउसचा एक टक् आवाज येतो, आणि मग झाडूचा.